तासावरची मास्तरीण

आमच्या केंटकीत तंबाखू कापणाऱ्याला कुणी तासावर पैसे देत नाही. जेवढ्या काठ्यांवर तंबाखूची कापलेली झाडं ओवलीस तेवढ्यांचे घे, असा रोकडा व्यवहार. त्यामुळं कॉलेजची पोरगी डार्ला तासावर पैसे घेऊन नातीला वाचायला शिकवते, हे कळताच क्लेटस म्हातारा चिखलाच्या बुटांनिशी शाळेच्या खानावळीत शिरला. तिथं मी रांधते आणि कोपऱ्यात शिकवणी चालते.

"बेसी, ही पोरगी काम लांबवतीया. तीन महिने झाले, ओपल अजून पहिल्याच पुस्तकावर."

"आजोबा, पैसे कॉलेज देतं. तुमचं काय जातंय?" डार्ला म्हणाली.

"नात जातीया वाया. परत पहिलीतच बसंल."

सात वर्षांची ओपल खाली मान घालून मक्याची भाकर कुरतडत होती. खोटं कशाला बोलू, मलाही डार्लाचाच संशय आला.

पुढच्या आठवड्यात चारा कमी पडला, म्हणून क्लेटसनं ओपलची लाडकी कालवड बटन विकायला काढली. तशी पाटी रंगवून फाटकावर ठोकली. पोरीला वाचता येत नाही, मग भीती कसली? दुपारी ओपल शाळेच्या बसमधून उतरली आणि पाटी उपटून थेट ओसरीवर आली. मी त्यांची शेजारीण, तिथंच घेवडा निवडत बसले होते.

"आज्या, बटनला का इकतोस?"

"कुणी सांगितलं तुला?"

"हितं लिवलंय की. 'तपकिरी कालवड, स्वभावानं गरीब.' आन् गरीब कुठली, लाथ मारती ती."

म्हातारा गारच पडला. "कवापासनं वाचतीस गं?"

"नाताळापासनं." ओपल रडायला लागली. "वाचलं तर डार्लाताई दुसऱ्या पोराकडं जाईल. आई कारखान्यात गेल्यापासनं येणी तीच घालती. तू घातलीस की कासरा हुतो."

दुसऱ्या दिवशी क्लेटस बूट पुसून खानावळीत आला. ओपलच्या वर्गाच्या बाईंनी तिच्याकडून धडा वाचून घेतला, खूश झाल्या. "पास होईल ही. मग डार्लाला आता शिकवायला दुसरं मूल देते."

"थांबा बाई," क्लेटस घाईनं म्हणाला. "वाचती, पर अजून अडखळती. काठीवर पैसे घेणारी माणसं घाई करत्यात, पानं फाडत्यात. हे काम तासावरच करायचं असतंय."

बाईंनी उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली. त्या दिवशी निम्मा तास वेणीतच गेला. म्हातारा शेजारी बसून बघत होता, पण वेळेचं नाव त्यानं काढलं नाही.