गोड्या पाण्याची फळी

मित्रांनो, मी सर्फिंगची एक जुनी फळी आहे. ओआहू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लोपाकाच्या गॅरेजात माझा जन्म झाला आणि आता तिथेच मी धूळ खात पडले आहे. एका माणसाखेरीज माझ्याकडे कोणी पाहत नाही. मी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. ऐका आणि तुम्हीच ठरवा.

लोपाकाने चाळीस वर्षे फळ्या केल्या. पांढऱ्या फोमचा ठोकळा घ्यायचा, त्याच्या पोटात लाकडाची बारीक पट्टी बसवायची, मग तासायचे आणि घासायचे. डोळे मिटून तळहात फिरवला की कुठे किती उंचवटा आहे ते त्याला कळायचे. त्या हातांखाली मी तीन आठवडे होते. तसे लाड माझे पुन्हा कधी झाले नाहीत.

मला मागितले ते त्याच्या नातीने, मिलियानीने. ती पंधरा वर्षांची होती. जुन्या उसाच्या शेतांवर लाटांचा एक कृत्रिम तलाव झाला होता आणि तिथल्या संघात तिची निवड झाली होती.

“टूटू, तलावासाठी फळी कर ना मला,” ती म्हणाली. नातवंडे आजोबाला टूटूच म्हणत.

“त्या बादलीसाठी?”

“बादली काय रे! तिथे एकेकाला तासाला वीस लाटा मिळतात. समुद्रावर सकाळभर ताटकळलं तरी चार.”

“मग बस त्या बादलीत. आंघोळही होऊन जाईल.”

म्हातारा मनातून दुखावला होता. तिला चालता येण्याआधी त्याने समुद्रात नेले होते आणि आता ती यंत्राच्या लाटांमागे निघाली होती. तरी त्याने काम मात्र चोख केले. खारे पाणी फळीला उचलून धरते, गोडे पाणी तितके धरत नाही. म्हणून त्याने मला नेहमीपेक्षा अर्धे बोट जाड ठेवले आणि खांद्यांशी चांगले रुंद केले. तलावात मी झकास तरंगले असते.

पण मित्रांनो, समुद्रात समोरून फुटणारी लाट आली की फळी पाण्याखाली दाबून तिच्यासकट बुडी मारावी लागते. लाट डोक्यावरून निघून जाते. माझ्यासारखी जाड फळी खाऱ्या पाण्यात दबत नाही, वर उसळते. हे लोपाकाला पक्के ठाऊक होते.

मला हातात घेऊन मिलियानीने विचारलेही, “आणि ही समुद्रात चालेल ना?”

लोपाका रंधा पुसत होता. त्याने मान वर केली नाही. “तुला आता समुद्र कशाला लागतोय?”

ती हसली, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि मला काखेत मारून पळाली. खरे उत्तर त्याच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले.

तलावातली दोन वर्षे माझ्या वैभवाची होती. घंटा वाजायची, भिंतीआडचे यंत्र घरघरायचे, एकामागून एक दहा लाटा यायच्या आणि मग तीन मिनिटे पाणी गप्प. सगळ्या लाटा एका साच्यातल्या. परतताना कडेच्या शांत पाण्यातून यायचे, त्यामुळे बुडी मारायची वेळच येत नसे. मिलियानी तिथे अशी काही वळायची की काठावरची माणसे ओरडत उठायची. ती स्पर्धा जिंकली तेव्हा तिच्याबरोबर माझ्याही गळ्यात फुलांचा हार पडला. मी फुगून गेले. लोपाका मात्र स्पर्धा बघायला आला नाही.

त्या रविवारी अंगणात सगळे घर जेवायला बसले होते. अळकुड्या कुटून केलेली पोई होती, पानात शिजवलेले मांस होते. मिलियानीचा मामेभाऊ माकोआ थट्टेखोर.

“या, बादलीच्या राणीसाहेब!” तो म्हणाला. “मासा खाऱ्या पाण्यातला आहे हं, सोसेल ना?”

“गप रे.”

“नाही, विचारलेलं बरं. मीठ लागून विरघळलीस तर आत्याला काय सांगू?”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने लोपाका हसला. मिलियानीने ताटली खाली ठेवली. “उद्या सकाळी ये किनाऱ्यावर. दाखवतेच.”

तिची समुद्रावरची फळी आता तिला तोकडी पडत होती. म्हणून तिने मला घेतले. सकाळी लोपाका खिडकीशी कॉफी पीत उभा होता. तिच्या काखेत मी आहे हे त्याने पाहिले. हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडले आणि पुन्हा कपाला लावले.

त्या घराची एक रीत होती. काठावरच्या काळ्या खडकांवर बसायचे, मोठ्या लाटांची रांग दोनदा येऊन गेलेली बघायची, मगच पाण्यात उतरायचे. मिलियानी बसली नाही. धावतच शिरली.

पहिली लाट तिने सुरेख घेतली. माकोआने दुरून शीळ घातली. मग समुद्र गप्प झाला. दोन वर्षांच्या सवयीने तिला वाटले, रांग संपली, आता विश्रांती. ती माझ्यावर बसली, समुद्राकडे पाठ केली आणि केस बांधू लागली.

“कशी होती रे राणी?” तिने ओरडून विचारले.

“मागे बघ! मिली, मागे!”

तिने वळून पाहिले. पाण्याची भिंत फुटायला आली होती. मिलियानी आडवी झाली आणि दोन्ही हातांनी मला खाली दाबू लागली. सगळा जीव लावून दाबत होती. मित्रांनो, मला खाली जायचे होते. पण मी तरंगण्यासाठीच घडवली गेले होते. मी वर आले, तिला घेऊन वर आले, थेट लाटेच्या तोंडात. लाटेने आम्हाला उचलून खडकावर टाकले. माकोआने तिला बाहेर काढले तेव्हा तिचा श्वास थांबला होता. तिच्या घोट्याची दोरी अजून मला बांधलेलीच होती.

तिला निरोप द्यायला रिवाजाप्रमाणे सगळे जण आपापल्या फळ्यांवरून समुद्रात गेले, त्यांनी गोल केला आणि मध्ये फुले सोडली. लोपाका काठावरच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी लेइमोमी, मिलियानीची आई, गॅरेजात आली. तिने करवत उचलली आणि माझ्या मानेवर टेकवली.

“तिला नको कापू,” लोपाका म्हणाला. “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं, बाबा?”

“ही समुद्रात दबणार नाही ते. पोरीने विचारलं होतं मला. मी रुसलो होतो. त्या सकाळी खिडकीतनं पाहिलंसुद्धा. म्हटलं, दोन तडाखे बसतील, येईल परत माझ्याकडे.”

लेइमोमीने करवत खाली घेतली. “एक वाक्य होतं, बाबा,” ती म्हणाली. “एकच.”

तिने करवत जागेवर ठेवली आणि निघून गेली. ती रोज त्याचे जेवण दाराशी ठेवते, पण त्याच्याशी बोलत नाही. लोपाकाने त्यानंतर रंध्याला हात लावलेला नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, एवढे सांगून मी थांबले असते, तर बरे झाले असते. पण माझे मागणे वेगळे आहे. कोणावर रागावलात तर खुशाल रागवा, चार दिवस तोंडही पाहू नका. फक्त त्याच्या जिवाची गोष्ट असेल तर ती आधी सांगून टाका आणि मग रुसा.

लोपाका रोज सकाळी माझ्याजवळ येऊन बसतो. माझ्यावर तळहात ठेवतो आणि मऊ आवाजात म्हणतो, “बाळ, ही समुद्रात नेऊ नकोस हं.”