डब्यासकट वजन

वजनमापं तपासणारा तो निरीक्षक हाडाचा प्रामाणिक होता, आणि हा गुण असलेली माणसं घरच्यांना किती छळतात हे त्याच्या बायकोला विचारावं. सव्वीस वर्षं त्यानं बाजारातल्या दुकानदारांची झोप उडवली होती. मिठाईबरोबर पुठ्ठ्याचा डबा तोलणारा दिसला, की याच्या अंगात यायचं. "डबा तुझा आणि पैसे गिऱ्हाइकाचे? आधी रिकाम्या डब्याचा धडा कर, त्याचं वजन वजा धर, मग माल घाल!" असं भर दुकानात ओरडून तो दंडाची पावती फाडायचा. हातात घेतलेली वस्तू किती भरेल हे तो काट्याआधी सांगायचा, आणि दुर्दैव असं की ते बरोबर यायचं.

अशा माणसाला स्वतःचं पोट मात्र सुटलेलं दिसलं नाही. दिसलं ते खात्याला. मोठे वजनकाटे तपासायचे तर वीस-वीस किलोची लोखंडी वजनं उचलून काट्यावर रचावी लागतात, म्हणून खात्याची दरवर्षी चाचणी असे. वीस वजनं, दहा पावलांचं अंतर, आठ मिनिटं. गेल्या वर्षी निरीक्षक अकराव्या वजनाला जो खाली बसला, तो दोघांनी धरून उठवला. उपनियंत्रकसाहेबांनी स्वच्छ सांगितलं, "यंदाही बसलात, तर कायमचे आवक-जावकच्या टेबलावर."

आवक-जावकचं टेबल म्हणजे खिडकी नसलेली खोली, दोन जाड वह्या आणि दिवसभर खोकणारा एक कारकून. बाजाराशिवाय हा माणूस महिनाभरात वाळला असता. त्या भीतीनं त्याला पहिल्यांदाच रात्रीचं जेवण गेलं नाही, आणि बायकोनं घाबरून नणंदेला फोन लावला.

नणंदेची मुलगी, म्हणजे याची भाची, जिममध्ये शिकवायची. तिनं मामाला उभा-आडवा न्याहाळला, दंड चिमटीत धरून पाहिला आणि सुस्कारा सोडला.

"मामा, नुसतं उपाशी राहून चालणार नाही. पोट जाईल, पण त्याबरोबर ताकदही जाईल. हा चार्ट घे. प्रोटीन एकशे चाळीस ग्रॅम, कार्ब्स दोनशे, फॅट साठ. रोज. आणि आठवड्यातून चार दिवस माझ्याकडे वजनं उचलायला यायचं. नीट तोलून खाशील ना?"

"तोलून? मी?" मामा इतका दुखावला, की भाचीनं पुढचं सांगायचं सोडून माफी मागितली.

तिथंच घोळ झाला. आजवर त्याला वजनातलं कुणी काही शिकवलं नव्हतं आणि कुणी धजलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात दागिने तोलायचा काटा आला. वाटीचा धडा, ताटलीचा धडा, चमच्याचासुद्धा धडा. प्रोटीन म्हणजे कोंबडी आणि अंडी, असं ठरवून त्यानं दिवसाकाठी एकशे चाळीस ग्रॅम उकडलेली कोंबडी आणि अंडी मिळून तोलली. कार्ब्स म्हणजे भात आणि ब्रेड, ते दोनशे ग्रॅम. फॅट म्हणजे तेल, ते साठ ग्रॅम. एवढंसं जेवण आणि त्यावर एवढं तेल! भाताची शितं वाटीत पोहत होती.

"अहो, हे खाणं आहे की दिव्यात घालायचं?" बायकोनं विचारलं.

"शास्त्र आहे," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घास गिळला.

तीन आठवडे तो असा जगला. पोटात कावळे ओरडायचे, ओठ तुपकट दिसायचे. जिममध्ये पहिल्या आठवड्यात जे उचललं, ते तिसऱ्या आठवड्यात हलेना. भाची विचारायची, "मामा, चार्टप्रमाणे खातोस ना?" आणि हा छाती काढून सांगायचा, "एका ग्रॅमचा फरक नाही!" ते खरंच होतं, म्हणून तीही पुढं खोदून विचारायची नाही.

शेवटी एका मिठाईवाल्याच्या दुकानात, पावतीपुस्तक उघडता उघडता, निरीक्षकाचे डोळे पांढरे झाले. तो आडवा झाला तो नेमका रिकाम्या डब्यांच्या ढिगावर. ह्या दुकानदाराला त्यानं चारदा दंड केला होता. तरी त्या भल्या माणसानं साखरेचं पाणी पाजलं, वारा घातला आणि खिशातून पडलेला चार्ट उचलून वाचला. त्याच्या धाकट्या भावाला व्यायामाचं वेड होतं, त्यामुळे ही लिपी त्याला येत होती.

"साहेब, एकशे चाळीस ग्रॅम प्रोटीनला तुम्ही काय खाता?"

"एकशे चाळीस ग्रॅम कोंबडी आणि अंडी. बरोब्बर."

दुकानदार आधी खोकला, मग हसला, मग खुर्ची धरून हसला. "अहो साहेब, शंभर ग्रॅम कोंबडीत प्रोटीन जेमतेम पाव भाग! बाकी बहुतेक पाणी. भातातही पाणीच जास्त. फक्त तेलात पाणी नसतं, म्हणून ते तेवढं तुमच्या पोटात पूर्ण पडलं. साहेब, तुम्ही डब्यासकट वजन केलंत!"

निरीक्षकाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सव्वीस वर्षं ज्याच्यासाठी लोकांना फाडून खाल्लं, तेच त्यानं स्वतःच्या ताटात, दिवसातून तीनदा केलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याला भयंकर लाज वाटली. त्यानं पावतीपुस्तक बंद केलं आणि विचारलं, "मग कोंबडी किती खायची?"

त्यानंतर सात आठवडे घरात खरं जेवण शिजलं. कोंबडी, अंडी, दही, कडधान्यं मिळून प्रोटीनचा आकडा गाठायचा; भात ताटभर, तेल मात्र फोडणीपुरतं. भाचीनं हे ऐकून कपाळाला हात लावला, मग ती मामाच्या गळ्यात पडून हसली, आणि सोमवारपासून तिनं त्याला दुप्पट राबवलं. बायकोला नवरा परत माणसासारखा जेवताना दिसला, तिला तेवढं पुरे होतं.

चाचणीचा दिवस उजाडला. उपनियंत्रकसाहेबांनी हातातलं घड्याळ सुरू केलं. निरीक्षक उचलत गेला. अकरावं गेलं, बारावं गेलं. चौदा वजनं काट्यावर रचून पंधरावं हातात घेतलं आणि तो थबकला. त्यानं ते खालीवर करून पाहिलं.

"साहेब, ही वजनं कमी आहेत."

"काय?"

"वीस किलो नाहीत. अठराच्या वर नाहीत. माझा हात सांगतो. असल्या वजनांवर मी पास होणार नाही. तोला."

"घड्याळ थांबणार नाही हं. तसा नियम नाही."

"नका थांबवू."

आजूबाजूच्या सहकाऱ्यांनी दातओठ खाल्ले. गाढवा, चार मिनिटं तरी गप्प बस, असं एकजण पुटपुटलासुद्धा. पण हा ऐकतोय कसला! प्रमाण काटा आणला, पातळी लावली, वजन ठेवलं. वीस किलो. दुसरं आणलं. वीस किलो. "काटा बघा," निरीक्षक म्हणाला. काटाही तपासला. काटा चोख होता. पावणेदोन मिनिटं गेली होती.

"तुमचा हात चुकला," साहेब म्हणाले. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा."

निरीक्षकानं आपला टणक झालेला दंड चाचपून पाहिला. मग त्याचा चेहरा असा उजळला, की साहेबांना वाटलं याला चक्कर येतेय.

"अहो, पळा!" सगळे एकदम ओरडले.

तो पळाला. उरलेली सहा वजनं त्यानं अक्षरशः काट्यावर आदळली आणि शेवटचं ठेवलं, तेव्हा घड्याळात चार सेकंद बाकी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धाप लागली होती, आणि साहेब अहवालात "उत्तीर्ण" लिहीत होते. त्यानं त्यांचा हात धरला.

"साहेब, तेही लिहा ना. हात चुकला म्हणून."