सोजरबाईचं वाचन

"ऐकलं ते आपलं वं सोजर, लिवलं ते कागदाचं. कागद भिजते, फाटते, उंदरं खातेत. ध्यानातलं कोण नेते?"

जात्याचा खुंटा धरून माय असं म्हणायची. माय जाऊन वीस वर्षं झाली. पण कापसाच्या ओळीत वाकलं की सोजरबाईच्या कानात तो आवाज अजून यायचा. आधी नुसती घरघर, मग पिठासारखे मऊ शब्द. एकदा ऐकलेली ओवी सोजरबाई विसरत नसे. लग्नात, बारशाला, मातीला, कुठंही तिच्याच गळ्यातून पहिला सूर निघायचा. पिंपळदऱ्याच्या बाया म्हणत, "सोजरबाईच्या डोस्क्यात दाण्याची ढोली हाय. टाकलं का भरलंच."

त्या ढोलीनंच तिचा घात केला.

आंध्रातल्या वांकिडीच्या बाजारापासून कोस-दीड कोसावर हे गाव. कचेरीचं अन् वरच्या शाळेचं सगळं तेलुगूत, घरचं-शेतचं सगळं मराठीत. तालुक्याच्या गावातल्या व्यापाऱ्यांचा अन् डॉक्टरांचा एक सेवा क्लब होता. डोळ्यांचं शिबिर भरवायचा, पोरांना पाट्या-दप्तरं वाटायचा. नव्वद साली क्लबचे सेक्रेटरी, कापडवाले सुधाकरराव, जीप घेऊन पिंपळदऱ्यात आले अन् मारुतीच्या पारावर उभं राहून म्हणाले, "बायांनो, आमी तुमाले मराठी वाचाले शिकवतो. वर्ग चालला, तर गावाले मराठी शाळेची खोलीबी बांधून देतो. क्लबचा शब्द हाय."

खोली म्हटल्यावर गाव हललं. चौथीनंतर मराठी संपायची. पुढं पोरींनी एकतर तेलुगू शिकायचं, नाहीतर शेण थापायचं. सोजरबाईची तुळजा अशीच चौथीवर थांबली अन् दोन वर्षांमागं राजुऱ्याकडच्या खेड्यात सासरी गेली.

गावच्या शाळेच्या देवाजी मास्तरांनी वर्ग धरला. अकरा बाया बसायच्या, तिसऱ्या प्रहरी, समाजमंदिराच्या ओट्यावर. पण दसरा गेला, कापूस फुटला. शेतं पांढरीशुभ्र झाली अन् वर्ग ओस पडला. बोंडं काही अक्षरांसाठी थांबत नाहीत.

मग सोजरबाईनं आपल्या परीनं युक्ती काढली. मास्तर धडा वाचायचे तेव्हा तिनं तो ऐकलाच होता. सगळं पुस्तक, पंधरा धडे. पोटाला ओटी बांधून कापूस वेचता वेचता तिनं ते धडे ओवीत बसवले. बायांच्या ओळीच्या ओळी मागून म्हणत सुटल्या:

*आई चालली शेताले, शेत काळं गं काळं*
*पह्यल्या धड्यात वाचिलं माह्या मायचं कपाळ*

तिला वाटलं, शिकणं म्हणजे हेच. धडा तोंडात आला म्हणजे धडा आला. आजवर जे जे शिकली, ते असंच तर शिकली होती.

कार्तिकात क्लबवाले मुआयन्याला, वर्ग तपासायला, आले. सोजरबाई पुस्तक उघडून उभी राहिली. नांगराचं चित्र दिसलं की नांगराचा धडा, विहिरीचं दिसलं की विहिरीचा. चित्र पालटलं की पान पालटायचं. एक काना-मात्रा चुकली नाही. देवाजी मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं त्या माणसानं दगडावर पाणी ओतलं होतं, अन् आज दगडाला कोंब फुटला होता.

"मास्तर, कमाल केली तुमी!" सुधाकररावांनी त्यांना मिठी मारली. "बाई नाई, ह्या आमच्या क्लबची सरस्वती हाय!"

पेपरात फोटो आला. सुधाकररावांनी तिला जीपमध्ये बसवून आठ गावं फिरवलं. प्रत्येक गावात ती पुस्तक धरून 'वाचायची', अन् समोरच्या बाया पदर तोंडाला लावून बघायच्या. तिसऱ्या का चौथ्या गावात एका म्हातारीनं तिचे पाय धरले. "माय, माह्यानं होईन का वं हे?" त्या दिवशी परतताना सोजरबाईला पहिल्यांदा उमगलं. म्हातारीनं बोट ठेवून विचारलं होतं, "हे कोणतं अक्षर?" अन् सोजरबाईला ते सांगता आलं नव्हतं. ती हसली होती, पान पालटलं होतं.

त्यानंतर ती पुस्तक हातात घ्यायची तर देवळात चपला घालून शिरल्यासारखं वाटायचं.

वर्ग पुन्हा भरू लागला तेव्हा गुपचूप शिकावं म्हणून ती एकदा ओट्यावर जाऊन बसली. मास्तर हात जोडून उठले. "सोजरबाई, तुमचं तिथं काय काम? इकडं या, खुर्चीवर बसा. तुमी आता शिकवाचं." बाया हसल्या. शेजारची भागाबाई म्हणाली, "पोट भरलेल्यानं पंगतीत बसू नाई वं!" ओट्यावरची तिची जागाच गेली.

अन् पौषात ते निळं पत्र आलं.

आजवर तुळजाचं पोस्टकार्ड यायचं. पोस्टमन फकिरा तिच्या ओट्यावर बसून, चहा पीत, मोठ्यानं वाचायचा. शेजारच्या चार बायाही ऐकायच्या. 'आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवा.' या वेळी फकिरानं चिकटवलेलं पत्र पुढं केलं.

"घ्या, सोजरबाई. पोरगी हुशार हाय. माय वाचाले लागली म्हणून बंद पत्र धाडलं तिनं. आता मायलेकीच्या गोष्टी मायलेकीतच."

"तुमीच वाचा ना, भाऊ."

"मी काऊन वाचू? पेपरात फोटो तुमचा आला का माहा?" अन् हसत सायकलवर टांग टाकून तो गेला.

सोजरबाईनं घरात जाऊन, दार लोटून, त्याला पाट लावून, कडा फाडल्या. आत मुंग्यांच्या रांगा. वरपासून खालपर्यंत, अगदी दुमडीच्या कोपऱ्यातही मुंग्या. एवढं कधी लिहिलं नव्हतं पोरीनं. तिनं बोट फिरवलं. एकच शब्द ओळखीचा निघाला. पहिल्या धड्यात बाईच्या चित्राखाली असायचा तो. आई. मग खाली पुन्हा आई. तिनं मोजले. पाच वेळा आई. शेवटच्या आईपाशी शाई फुटून निळा डाग पडला होता, बोटाच्या पेराएवढा.

जे चार बायांत वाचून दाखवता येत नाही, ते पोरीनं लिहिलं होतं. भरवशानं लिहिलं होतं. आता माय वाचते म्हणून.

सांजेला नवरा, चंपतराव, बैल बांधून आला. "पोरीचं पत्र आलं म्हन्ते फकिरा? वाच ना वं, काय लिवलं?"

सोजरबाईचा घास हातात राहिला. "खुशाल हाय."

"बस? इतल्या मोठ्या कागदात इतलंच?"

"अजून काय लिवन? गाय व्याली म्हन्ते."

"अरे वा!" चंपतराव खूश झाला अन् दुसऱ्या दिवशी पारावर सांगून आला. गावभर झालं, तुळजाची गाय व्याली. भागाबाईनं विचारलं, "गोऱ्हा का कालवड?" सोजरबाईला तेही सांगावं लागलं. "कालवड." त्या नसलेल्या कालवडीच्या गळ्यात गावानं घंटासुद्धा बांधली असती.

कोणाला विचारावं? मास्तरांना? त्यांच्या छातीवर क्लबचा बिल्ला होता, अन् तो तिच्या तोंडच्या धड्यांवर लागलेला. शाळेतल्या पोराला? पोरांच्या पोटात पाणी राहत नाही. अन् गावाला कळलं, तर खोलीचं काय? भिंती लिंटलपर्यंत आल्या होत्या. टिनं येऊन पडली होती. रोज शेतावर जाताना ती खोली दिसायची अन् वाटायचं, आपणच आत उभ्या आहोत अन् गवंडी बाहेरून दार चिणतो आहे.

बाजाराच्या दिवशी ती वांग्यांची टोपली घेऊन वांकिडीला गेली. अनोळखी माणूस शोधू, एवढं वाचून घेऊ. बस थांबते तिथं चष्मा लावलेला एक माणूस बसला होता. तिनं कागद पुढं केला. त्यानं उलटसुलट पाहिला अन् मान हलवली. "मराठी रादु, अम्मा." येत नाही म्हणे. पुढं एक शिंपी मराठीत गिऱ्हाइकाशी भांडत होता. सोजरबाई हिय्या करून त्याच्या दुकानात शिरली. पदराखालून कागद काढणार, तोच शिंप्याचे डोळे मोठे झाले.

"अरे! तुमी त्या पेपरातल्या बाई ना? पिंपळदऱ्याच्या?" त्यानं मागच्या भिंतीकडं हात केला. मशीनच्या वर, देवाच्या फोटोखाली, तिचाच फोटो खळीनं चिकटवलेला. "माह्या बायकोले रोज दाखवतो. पाह्य म्हन्लं, कापूस वेचणारी बाई वाचते, अन् तुले सही येत नाई! काय पायजे माय?"

"दोरा," सोजरबाई म्हणाली. "पांढरा."

दोऱ्याचं रीळ घेऊन ती घरी आली. वाटेत पऱ्हाटीच्या रिकाम्या शेतांतून चालताना मनातलं ओवी होऊनच निघालं. दुसरं काही होऊन निघणं तिला ठाऊकच नव्हतं.

*निळं पाखरू लेकीचं आलं पदराच्या आत*
*चोच उघडून बोलं, मले कळंना त्याची बात*

दिवस गेले. पत्र चोळीत राहिलं. घामानं मऊ पडलं, घड्या पांढऱ्या झाल्या. दुसरं पत्र आलं नाही. फकिराची घंटी वाजली की ती दारात जायची. घंटी पुढं निघून जायची.

माघात खोली पुरी झाली. उद्घाटनाला क्लबचे गव्हर्नर, सगळ्या क्लबांचे मुख्य, येणार म्हणून कळलं, अन् चंपतरावानं नवं धोतर काढलं. "गव्हर्नर म्हन्जे सायबाच्यावरचा सायब. संगं बंदूकवाले येतीन." बंदूकवाले आले नाहीत. एक टक्कल पडलेले, गोड चेहऱ्याचे म्हातारे हैदराबादेहून आले. त्यांनी भागाबाईच्या नातवाला मांडीवर घेतलं अन् हिंदीत त्याला नाव विचारलं. गाव जरा हिरमुसलं, मग खुललं. सुधाकरराव घामाघूम होऊन सतरंज्या सरळ करत होते. माणूस मनापासून राबला होता, हे सोजरबाईला दिसत होतं. टिनांसाठी तो तीनदा आसिफाबादेला गेला होता. तो खोटा असता तर सोपं झालं असतं.

हार झाले. रिबीन कापली. नव्या चुन्याचा वास येत होता. सुधाकररावांनी पुस्तक तिच्या हाती दिलं. "शेवटचा धडा वाचा, सोजरबाई. पंधरावा. तोच सांगतो, क्लबनं काय केलं ते."

गव्हर्नर हात जोडून म्हणाले, "पढिये, बहनजी."

सोजरबाई उभी राहिली. समोर सगळं गाव. पुढं अकरा बाया, मागं पुरुष, त्यात नवं धोतर नेसलेला चंपतराव. चित्र समोर होतं. पोस्टमन, सायकल, दारात उभी बाई. तोंड आपसूक सुरू झालं.

"रेणुका सासरी गेली. रेणुकाने पत्र लिहिले. पोस्टमनने पत्र आणले."

चोळीत कागद करकरला.

"पत्र... आईने..."

पुढचं तिला ठाऊक होतं. शंभरदा म्हटलं होतं. आठ गावांत म्हटलं होतं. पत्र आईने वाचले. आई हसली. पण तोंडात शब्द आला अन् तिथंच बसला, रुतलेल्या बैलासारखा. कितीही शेपटी पिळा, उठेना.

देवाजी मास्तर मागून हळूच म्हणाले, "आईने वाचले."

सुधाकरराव म्हणाले, "घाबरल्या. होते असं. आई हसली, म्हणा."

भागाबाई पुढून कुजबुजली, "अवं, हसली म्हन ना वं!"

सोजरबाईनं पुस्तक मिटलं. नीट, दोन्ही हातांनी, अन् टेबलावर हारांच्या शेजारी ठेवलं. चोळीतून निळा कागद काढला. उघडला नाही. नुसता छातीशी धरला. मायचा आवाज आला, घरघरत. ऐकलं ते आपलं. पण माये, हे तर कोणी ऐकवतच नाई.

तिनं चंपतरावाकडं पाहिलं.

"गाय व्याली नाई," ती म्हणाली. "ते म्या मनानं सांगतलं."

चंपतराव उभा राहिला. कोणी हसलं नाही.

"सुधाकरराव, तुमची खोली चांगली हाय. पाडू नोका. पोरीबाळींले बसू द्या." तिचा आवाज ओवीसारखा निघत होता, पण टेकायला सूर नव्हता. "अन् मास्तर, तुमी खरं शिकवलं. म्याच कानानं घेतलं, डोयानं नाई घेतलं. मले वाचता येत नाई. एकच शब्द येते. तेवीस दिवस झाले, माह्या लेकीचं पत्र माह्यापाशी मुकं पडून हाय. पाच खेप हाक मारली तिनं मले त्यात, इतलंच वाचलं म्या. चार बायांत वाचाचं नाई हे. चला, त्या लिंबाखाली चला मास्तर, अन् माह्या एकटीच्या कानात सांगा, माही पोरगी काय म्हन्ते ते."