अज्ञात वाहन

"मावशी, इथं नंबरप्लेट पडलेली दिसली का?"

कस्तुराबाईनं वर पाहिलं नाही. तिच्या मांडीवर हरणीचं डोकं होतं. डोळ्यांवर तिनं पदराची घडी धरली होती आणि घडीखालची पापण्यांची फडफड तिच्या तळहाताला लागत होती. डोळे झाकले की जनावर कमी धडपडतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बुजलेल्या मेंढीला ती असंच धरायची.

"पांढरी पट्टी. पुढच्या बंपरची. इथंच कुठं तरी असंल."

"हितं हरीण पडलंय," ती म्हणाली.

"हो, बघितलं मी. वाईट झालं." आणि तो रस्त्याकडेच्या वाळल्या गवतात बुटानं चाचपडत पुढे गेला.

तो विश्वजीत. पाचोडच्या अलीकडे रस्त्याला लागून जी सलग काळी रानं आहेत, ती त्याच्या घरची. स्वतः शहरात कंपनीत नोकरीला, सुटीला उंच पांढऱ्या गाडीतून गावी येणारा. कस्तुराबाई आणि तिचा नवरा मुंजाबा यांच्या मेंढ्या सध्या त्याच्याच रानात बसत होत्या. हरभरा निघाला की धनगराला बोलवायचं. दिवसा मेंढ्यांनी बाजूच्या रानांतला पाला खायचा, रात्री जाळीच्या आत वावरात बसायचं, म्हणजे लेंडी-मुतानं जमीन खतावते. बदल्यात धनगराला विहिरीचं पाणी आणि थोडं धान्य. यात लिहिलेलं काही नसतं, सगळं शब्दावर. शब्द मालकाचा, म्हणून मोडायचा तर तोच मोडणार.

धडक कस्तुराबाईनं बांधावरून पाहिली होती. उन्हं तापायच्या आत पाटाचं पाणी पिऊन हरणांचा कळप परत निघाला होता. बाकीची उड्या मारून पलीकडे गेली. ही शेवटची रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मागे वळून पाहू लागली. पैठणकडून गाडी आली. ब्रेक लागला नाही. बैलगाडीतून भरलेलं पोतं खाली टाकावं तसा आवाज झाला. त्यानंतर मागचे लाल दिवे लागले आणि कस्तुराबाईला वाटलं, उतरतोय. दिवे विझले. गाडी गेली.

आता ती परत आली होती, पट्टीसाठी.

"सापडली!" विश्वजीत चारीतून म्हणाला. त्यानं पट्टी झटकली आणि डिक्कीत ठेवून डिक्की लावली.

बाजाराचा दिवस होता. मोटरसायकली थांबू लागल्या. कुणी तरी वनरक्षकाला फोन लावला, ते बरं केलं. बाकीचे नुसते गोल करून उभे राहिले, आणि प्रत्येक आवाजासरशी हरणीच्या अंगातून शहारा जात होता.

"हात काढा मावशी, केस व्हईल."

"त्याला काय व्हतंय, मेंढ्यांत घालून न्या. कुनाला कळायचं नाय."

हसणं झालं. एक जण मोबाइल धरून वाकला. "मावशी, जरा पदर बाजूला घ्या ना. तोंड नीट येईना तिचं."

"तुझं तोंड घे की! लई चांगलं हाये, सगळ्या गावाला दाव!"

पुन्हा हसणं झालं, पण तो मागे सरला.

मेंढ्या कुत्र्याच्या भरवशावर सोडून मुंजाबा धावत आला. हरणीकडे त्यानं पाहिलं. जीभ बाहेर, कुशी भात्यासारखी चाललेली. मग गाडीकडे पाहिलं, मग विश्वजीतकडे, आणि त्याचा आवाज खाली आला.

"जातीय ती, कस्तुरे. तोंडात पानी घाल. तशीच नको जाऊ दिऊ."

"घ्या, पाणी घ्या," विश्वजीत लगेच म्हणाला आणि गाडीतून बाटली काढून दिली. "गार आहे."

सकाळपासून त्या माणसानं केलेली ही पहिली बरी गोष्ट होती. कस्तुराबाईचा राग जरा खाली बसला. तिनं हरणीच्या ओठांच्या कडेनं पाणी सोडलं. एकदा, मग पुन्हा. हरणीची मान ताठ झाली, घशात काही खरखरलं.

"घेतलं," मुंजाबा म्हणाला.

वनरक्षक संघपाल मोटरसायकलवरून आला. खात्याची गाडी वणव्यावर गेली होती, म्हणून दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टर श्रेया यांना तो मागे बसवून घेऊन आला होता. डॉक्टर गुडघ्यांवर बसल्या. हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, बरगड्यांवरून बोटं फिरवली.

"मागचा पाय मोडलाय. पोट मऊ आहे. हिरड्याही अजून…" त्यांनी छातीला नळी लावली आणि बोलणं थांबलं. हरणीच्या नाकातून गुलाबी फेस आला. "पाणी पाजलं का कुणी?"



"म्या," कस्तुराबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "संघपाल, मागून उचला. डोकं खाली राहू द्या. जीभ धरते मी." दोघांनी बराच वेळ धडपड केली. हरणीचा एक कान सारखा हलत होता, माशी उडवल्यासारखा. मग तोही हलायचा थांबला.

"पानी नसतं पाजलं तर वाचली असती?" कस्तुराबाईनं विचारलं.

डॉक्टर हात पुसत होत्या. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "नक्की नाही सांगता येत. हरणं नुसत्या भेदरण्यानंही मरतात. मार तर होताच. पण आडव्या जनावराच्या तोंडात पाणी घातलं की ते फुफ्फुसात जातं. तसंच झालंय इथं."

ही गोष्ट कस्तुराबाईला आयुष्यभर ठाऊक होती. मेंढीला औषध पाजताना आधी उभी करायची, मान हातभर उचलायची, थोडं पाजून गळ्यावरून बोट फिरवायचं, गिळलं का पाहायचं, मग पुढचं. हे तिचे हात झोपेतही करतील. आज केलं नव्हतं, कारण ती औषध पाजत नव्हती. मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालत होती, आणि ते कुठून उतरतं हे कुणी बघत नाही. हरीण जिवंत असताना तिनं ते मेलेलं धरलं होतं. या एका गोष्टीचा तिला इतका संताप आला की बाटली हातात चेपली गेली.

"म्हणजे बघा," विश्वजीत जमलेल्यांकडे वळून म्हणाला, "पाण्यानं गेलं. पाय तर बरा झाला असता. मी उलट मदतीला थांबलो."

बाटली त्याची होती. ती अजून कस्तुराबाईच्या हातात होती.

संघपालनं मोटरसायकलच्या सीटवर पंचनाम्याचा कागद ठेवला. "धडक कुणी बघितली?" सगळे आत्ताच आले होते. सगळ्यांना बाजाराची घाई होती. तो लिहू लागला आणि लिहिता लिहिता सवयीनं मोठ्यानं वाचू लागला. "अज्ञात वाहनाच्या धडकेने मादी काळवीट जखमी… त्यानंतर पाणी पाजल्यामुळे…"

"अज्ञात म्हंजे?" कस्तुराबाईनं विचारलं.

"म्हणजे गाडी कुणाची, ते माहीत नाही."

"मला म्हाईत हाये."

मुंजाबानं तिचा दंड धरला. "कस्तुरे. ऊस लागलाय सगळीकडं. दुसरं वावर कुठं हाये आता? गप उठ."

"मावशी," विश्वजीत हसत म्हणाला, पण हसू एकाच गालावर होतं. "आमच्याच रानात मेंढ्या बसवता, आमच्याच विहिरीचं पाणी पिता…"

"व्हय, तुमच्याच रानात. लेंड्या बी तुमच्याच रानात पडल्या, आमी घरी नाय नेल्या!" ती उठली. मांडीवरून हरणीचं डोकं तिनं आधी हळूच खाली ठेवलं, मग उठली. "कामून थांबला न्हाईत तुमी? लाल दिवं लागलं व्हतं. म्या बघितलं. पाय बिरेकवर व्हता तुमचा. मंग काढला. पट्टी पडली नसती तर आला असता का माघारी? कुत्रं तरी वळून बघतंय!"

"ओ, तोंड सांभाळून बोला!"

"साहेब, डिक्की उघडा त्येंची. पट्टी हाये आत. आन बंपर बघा."

संघपाल उठला. बंपरच्या फटीत बदामी केसांचा पुंजका अडकला होता. तो त्यानं पाहिला, डॉक्टरांनीही पाहिला. मोबाइलवाल्यानं मोबाइल खिशात घातला आणि मोटरसायकलला किक मारली.

"तुम्ही साक्षीदार व्हाल?" संघपालनं विचारलं. "कोर्टात बोलावतील. एकदा नाही, चार वेळा."

"व्हईन. पन नीट लिव्हा. पानी म्या पाजलं, माझं नाव घाला. ते खोडू नका. फकस्त त्याच्या वर लिव्हा, ती आडवी कोनी पाडली ते. आधी त्यो, मंग मी. जसं झालं तसं."

संघपालनं 'अज्ञात' या शब्दावर आडवी रेघ मारली. कस्तुराबाईनं अंगठा उमटवला. बाटली तिनं विश्वजीतच्या गाडीच्या टपावर ठेवून दिली.

"दुपारच्या आत रान मोकळं पाहिजे मला," तो म्हणाला आणि मुंजाबाकडे वळला.

पण मुंजाबा तिथं नव्हता. तो वावरात जाऊन जाळीच्या मेखा उपटत होता, कुणी सांगायच्या आधीच. रागानं उपटत होता हे लांबूनही दिसत होतं. राग कुणावर, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दोघांनी मिळून घोड्यावर बिऱ्हाड लादलं.

मेंढ्या रस्त्यावर आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. हरीण नेलं होतं. डांबरावर काळपट डाग होता आणि त्याच्या बाजूला पाण्याचा ओघळ केव्हाच सुकला होता. मुंजाबा घोडा घेऊन पलीकडे उतरला, कळप त्याच्यामागे निघाला.

पाचोडकडून एक गाडी आली, वेगात, लांबूनच हॉर्न वाजवत. कस्तुराबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि काठी आडवी धरली. गाडीला थांबावं लागलं. मागे दुसरी थांबली, मग ट्रॅक्टर. हॉर्न वाजत राहिले. काचेतून कुणी तरी हात नाचवून ओरडलं.

तिनं तिकडे पाहिलं नाही. सगळ्यात मागे एक लंगडी मेंढी होती. डागापाशी ती थांबली, वास घेतला, मान वर करून मागे वळून पाहू लागली. कस्तुराबाईनं तिला हाकललं नाही. मेंढीचं बघून होईपर्यंत काठी आडवीच होती.