उजवीकडे लावायचं वीरचक्र

मित्रांनो, मी एक जुनं वीरचक्र आहे. अंग चांदीचं, त्यावर चांदणी, वर निळी-केशरी फीत. लढाईत मोठं धाडस करणाऱ्या सैनिकाला मला देतात. सध्या माझा मुक्काम जर्मनीत, गेर्लिंगेनला, राजनच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आहे. माझ्या एका बाजूला बिअरचा मग आहे, दुसऱ्या बाजूला राजनला कंपनीच्या शर्यतीत मिळालेलं पदक. ते पदक धापा टाकत का होईना, शेवटपर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला वाटलं होतं. असल्या शेजाऱ्याशी मी काय बोलणार?

टांकसाळीतून निघालो तेव्हा मीही नुसती चकतीच होतो. मला किंमत आली ती सैन्यात नाईक असलेल्या दिनकर यांच्यामुळे. डोंगरावरच्या लढाईत त्यांच्या तुकडीतले दोन जवान जखमी होऊन उघड्यावर पडले होते. वरून गोळ्या येत होत्या. दिनकर सरपटत गेले आणि एकाला पाठीवर घेऊन आले. पुन्हा गेले. दुसऱ्याला खडकाआड ढकललं आणि तिथंच गोळी लागून पडले. दोघे जवान जगले. दिनकर गेले.

दिल्लीच्या समारंभात मला हातात घेतलं ते त्यांच्या पत्नीनं, कुमुदिनीबाईंनी. त्यांचा मुलगा राजन तेव्हा पाळण्यात होता. समारंभ संपल्यावर एक वयस्क सुभेदार त्यांच्याजवळ आले.

“वहिनी, डाव्या छातीवर पदक लावायचं ते ज्यानं मिळवलं त्यानंच. घरच्यांनी लावायचं तर उजवीकडे.”

तेव्हापासून दर प्रजासत्ताक दिनाला कुमुदिनीबाई मला शालीवर उजवीकडे लावून साताऱ्याच्या शाळेत जात. मुलं सलाम करत. मला भरून येई.

राजन इंजिनिअर झाला, इकडे आला आणि “आई, छान फ्रेम करून देतो,” म्हणून मलाही घेऊन आला. फ्रेमचं नाव नाही. पाहुणे आले की मात्र मला बाहेर काढायचं, टूथपेस्टनं लखलखीत घासायचं आणि बढाया मारायच्या. “तर मंडळी, बाबांनी एकट्यानं अख्खी चौकी उडवली!” दर पार्टीला मेलेले शत्रू वाढत. पाहुणे चिप्स खात माना डोलवत. मला शिसारी यायची. घासून घासून माझ्या कडेवर कोरलेलं दिनकरांचं नाव पुसट झालं, तेही या दिवट्याला कधी दिसलं नाही.

यंदा जानेवारीत कुमुदिनीबाई इकडे आल्या. त्यांचं वय झालंय. मला कायमचं मुलाकडे ठेवायचं की परत न्यायचं, हे त्यांना ठरवायचं होतं. मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

प्रजासत्ताक दिनाला मराठी मंडळींनी हॉल घेतला होता. राजननं मला नव्या जोधपुरी कोटावर लावलं. डावीकडे! मग माइक हातात घेऊन चौकी उडवायला सुरुवात केली. लोक मोबाइल उंचावून त्याचे फोटो काढत होते आणि तो मला पुढं काढून उभा होता. लढाई जणू त्यानंच जिंकली होती.

कुमुदिनीबाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि स्टेजवर गेल्या.

“राजन, काढ ते.”

“अगं आई, इथं कोणाला कळतंय डावं-उजवं?”

“मला कळतंय.”

त्यांनी स्वतःच माझी पिन सोडली आणि मला आपल्या शालीवर उजवीकडे लावलं. मग माइक घेऊन दोन जवान, उघडा डोंगर आणि पुन्हा उघड्यावर गेलेले दिनकर, एवढंच सांगितलं. आवाज चढवला नाही. उंचावलेले मोबाइल एकेक करून खाली आले.

घरी आल्यावर राजन तणतणला. “सगळ्यांसमोर लाज काढलीस माझी. नुसते जखमींना आणायला गेले होते, यात लोकांना काय कौतुक वाटणार?”

“नुसते?” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

  त्यांनी मला स्वच्छ रुमालात गुंडाळून आपल्या बॅगेत ठेवलं.

“अगं, पण कपाटात ती जागा रिकामी दिसेल,” राजन म्हणाला.

“तुझं शर्यतीचं पदक सरकव तिथं.”

मित्रांनो, परवा मी साताऱ्याला निघालोय. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला चमकवत बसू नका, आमची चमक कोणाच्या कामाची नाही. लावायचं तर उजवीकडे लावा. आणि दिनकरांसारख्या माणसाची गोष्ट सांगाल तेव्हा तो जे करून गेला तेवढंच सांगा. तेवढं करायलाही राजनसारख्याचा सगळा जन्म पुरायचा नाही.