ओनुफ्रीचा घसा

त्या काळी आमच्या पोलंडात जिल्ह्याच्या सभेत एका जरी सरदाराने ‘नामंजूर’ म्हटलं, तरी ठरावच काय, अख्खी सभा मोडायची. याला स्वातंत्र्य म्हणत, आणि ओनुफ्री कोर्साककडे ते भरपूर होतं. बाकी काही नव्हतं. जमीन गेलेली, बूट फाटके, तलवारीचं पातं लाकडी. मूठ तेवढी आजोबांची, चांदीची. जेवायला तो मोठ्या जमीनमालकांकडे जायचा, बदकाचा रस्सा ओरपायचा आणि ते सांगतील तेव्हा सभेत ओरडायचा.

यंदा ठराव पुलाचा होता. पूल वाहून गेल्यापासून मालकांच्या होडीचा धंदा जोरात होता, म्हणून त्यांना पूल नको होता. ओनुफ्रीची लेक नदीपलीकडे दिलेली. तिचे दिवस भरत आले होते आणि होडीचं भाडं परवडत नव्हतं.

“उद्या ओरडणार?” बायकोने, तेक्लाने विचारलं.

“मी स्वतंत्र माणूस आहे. कुणाच्या बापाला भीत नाही.”

“मग मालकांनाच एकदा नाही म्हणून दाखवा की.”

ओनुफ्रीला एकदम झोप आली.

सभा चर्चमध्ये भरली. ठराव वाचून झाला तसं मालकांच्या कारभाऱ्याने त्याला कोपरखळी मारली. “हं, सरदार, होऊ द्या.”

ओनुफ्री उठला, सवयीने तोंड उघडलं, आणि तसाच खाली बसला.

“काय झालं?”

“घसा बसलाय.”

“आत्ताच?”

“घसा माझा आहे. कधीही बसेल.”

इतकं बरं त्याला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “नामंजूर.” म्हातारा हिलारी. तोही मालकांच्याच पंक्तीला जेवणारा. मालक काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सभा मोडली, आणि चिडलेल्या लोकांनी दरवर्षीच्या सवयीने ओनुफ्रीलाच धरून चोपलं.

“म्हणजे ओरडलात,” त्याचा सुजलेला डोळा पाहून तेक्ला म्हणाली.

“नाही ओरडलो.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बीटाचं सार पुढे ठेवलं. ते त्याने संपवलं, तलवारीची मूठ पिरगाळून काढली आणि तिच्या हातात दिली.

“होडीवाल्याला दे. पोरीकडे जा.”

“अहो, ही गेल्यावर तुम्हाला सरदार कोण म्हणणार?”

“नाही म्हणाले तर नाही म्हणाले. तू नीघ, होडी सुटेल.”