तीन अक्षरांत चार
अमरावतीच्या राजापेठेत हार विकणाऱ्या वच्छलाबाई आणि अकोल्यात शिलाई करणारी आबेदा, दोघी अकोटच्या शाळेत एका बाकावरच्या. लग्नं होऊन दोन गावांना गेल्या, पण खेळ सुटला नाही. एकीनं मनात तीन अक्षरी शब्द धरायचा, दुसरीनं शब्द टाकून पाहायचे. काना-मात्रा आणि जागा सोडून किती अक्षरं जुळली, एवढंच कळवायचं. सहा शब्दांत ओळखलं नाही की हार. आधी हे पोस्टकार्डावर चालायचं, एकेक शब्द दोन-दोन महिने पुरायचा. आता मोबाईलवर रोज एक. फोनवर बोलणं सणावारालाच, खेळ असताना बोलायचं तरी काय!

जिंकायची मेली आबेदाच. एकदा बाद झालेलं अक्षर तिनं पुन्हा कधी घेतलं नाही. वच्छलाबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

म्हणून मागच्या मंगळवारी आबेदा हरली, तेव्हा ऑपरेशनमधून नुकत्याच उठलेल्या बाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि तिला लिहिलं, "म्हातारी झाली व तू." बुधवारीही ती हरली. गुरुवारीही. आठ दिवस बाई हवेत होत्या.

नवव्या दिवशी 'मटार'ला त्यांनी "एकही नाही" कळवलं, तर पुढचा शब्द आला 'पदर'. अरे, र तर बाद झाला होता! आबेदा घाईत असेल, तापात असेल, पण झोपेतही ती असं करायची नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

फोन लावायचा धीर होईना. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम खोटं कळवलं. 'गाजर'ला म्हणाल्या, एक जुळलं. 'कापूस'ला म्हणाल्या, तिन्ही जुळली. तीन अक्षरांच्या शब्दात चार अक्षरं बसवली! आबेदानं जागच्या जागी झाडलं असतं, "कावून व वच्छले, फसवून राहिली का मले?" बाई त्या बोलण्यांची वाट पाहत बसल्या. देवा, एक तरी शिवी येऊ दे.

आला तो 'पालक'. मुकाट्यानं.

बाईंनी फोन लावला. आबेदाच्या लेकीनं, फलकनं उचलला.

"तुई माय कुठं हाय?"

फलकला रडू आवरेना. "खाला, अम्मी गेली. तुमी पहिल्यांदा जिंकल्या ना, त्याच दिवशी सकाळी."

"मले सांगतलं कावून नाही?"

"जाताजाता तिनंच कसम घातली होती. म्हणे, वच्छलाच्या दिलाचं ऑपरेशन होऊन दोन महिने नाही झाले, तिले धक्का नको. ती बरी होवोस्तोर माह्या जागी तू खेळ. मले जमतच नव्हतं, खाला."

वच्छलाबाई म्हणाल्या, "दोन तासांचा रस्ता हाय पोरी, अमरावती ते अकोला. मले तिचं तोंड पाहू देलं नाही तुमी. आता कोणाचं तोंड पाहून रडू मी?"